मैलाला पन्नास पेन्स

इंग्रज माणसाला दान करायचं झालं की तो आधी चड्डी बदलतो. आपल्याकडे दानाला खिसा लागतो, फार तर समोरच्याकडे पावतीपुस्तक लागतं. तिकडे गुडघे लागतात. कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी भर थंडीत समुद्रात उडी घेतं, कुणी डोकं भादरून घेतं, कुणी टोमॅटोच्या रश्शातल्या गारढोण बीन्सनी भरलेल्या टबात तास तास बसून राहतं. शाळेतली पोरं तर दिवसभर गप्प बसण्याचे पैसे गोळा करतात. (ही शेवटची योजना आपल्याकडच्या रात्रीच्या टीव्ही चर्चांना लावली, तर देणगीदारांची रांग आवरणार नाही.) माणूस जितका दमलेला किंवा जितका हास्यास्पद, तितकी थैली मोठी. पैसा मात्र जातो भलतीकडेच: समुद्रातल्या बचावनौकांना, अनाथ मुलांना, नाहीतर कुठल्या तरी मिशनच्या दवाखान्याला.

आमची लेक श्रूजबेरीला राहते. हे नाव वाचून पुणेकरांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, पण खुद्द त्या गावाला पुण्याच्या बिस्किटांची खबर नाही. गावाचा सगळा अभिमान डार्विनवर. तो तिथे १८०९ साली जन्मला, आणि स्टेशनपासून बागेपर्यंत ही गोष्ट तुम्हाला विसरू देत नाहीत. आम्ही जाताना कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घेऊन गेलो, म्हणजे श्रूजबेरीलाच श्रूजबेरी. जावई अस्सल पुणेकर. त्यांनी आमच्या तब्येतीची चौकशी करायच्या आधी पुडे मोजून घेतले.

तर त्या घराच्या शेजारी एक बाई राहतात. वय अडुसष्ट, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, मेथडिस्ट चर्चच्या खंद्या कार्यकर्त्या. एका संध्याकाळी त्या दारात उभ्या. हातात पॅड, पॅडला सुतळीने बांधलेलं पेन, चेहऱ्यावर अदबशीर हसू. वर्गणी मागायला आलेला माणूस मी पाठमोराही ओळखतो. उभी हयात सहकारी बँकेत गेली. गणेशोत्सव, शिवजयंती, व्याख्यानमाला, सगळ्या मंडळांची खाती माझ्याच टेबलावर. मी सवयीने म्हणालो, "आमचं गेल्या आठवड्यातच झालंय." मुलीने डोळे वटारले. "बाबा, त्यांना आत येऊ द्या."

बाई लँड्स एंडपासून जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत सायकलने जाणार होत्या. म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून निघायचं आणि स्कॉटलंडच्या ईशान्येच्या कोपऱ्यात पोचायचं. रस्त्याने ८७४ मैल, सुमारे १,४०० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठावी तेवढं. बाई भूगोलाच्या असल्यामुळे त्यांनी लगेच खुलासा केला, की ही दोन्ही टोकं खरी टोकं नव्हेतच. दक्षिणेचं शेवटचं टोक लिझर्ड, उत्तरेचं डनेट हेड. मधे एवढा मोठा देश तुडवायचा आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं शिल्लक ठेवायचं, हे मला फार आवडलं. आमच्या बँकेची वसुली अशीच चालायची.

फॉर्म माझ्याकडे आला. वाचल्याशिवाय सही करायची नाही हा जन्माचा धडा. पहिला रकाना नावाचा, दुसरा पत्त्याचा, तिसऱ्यात दोन पर्याय: ठोक रक्कम किंवा मैलामागे दर. शेवटी एक चौकोन, 'गिफ्ट एड'चा. देणारा आयकर भरत असेल आणि त्याने तिथे खूण केली, तर सरकार प्रत्येक पौंडामागे आपले २५ पेन्स त्या संस्थेला देतं. मी सौ.ला म्हटलं, "बघ, आपल्याकडे आपणच संस्थेची पावती जपून ठेवायची आणि मार्चमध्ये नेमकी ती सापडायची नाही."

तेवढ्यात जावयांनी फॉर्म घेतला. वरच्या ओळीत कुणीतरी मैलाला वीस पेन्स लिहिले होते. मराठी माणूस मागे कसा राहणार? त्यांनी झोकात लिहिलं: मैलाला पन्नास पेन्स. गिफ्ट एडच्या चौकोनात खूण केली ती तर इतकी दाबून, की कागद फाटायचा राहिला. आपला कर एकदाचा कुठे तरी कामाला लागतोय, हा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना.

बाई गेल्यावर मी हळूच म्हणालो, "चारशे सदतीस."

"काय चारशे सदतीस?"

"पौंड. ८७४ चे निम्मे." रुपयांत मी सांगितलं नाही. परदेशात जावयासमोर रुपयांत हिशेब करायचा नाही, असं सौ.ने विमानातच बजावलं होतं. जावई क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अहो बाबा, त्यांचे गुडघे ऐकलेत का तुम्ही? जिना चढताना आपल्या भिंतीतून आवाज येतो. कॉर्नवॉलचे चढ आहेत ते. एक्सेटरच्या पुढे जात नाहीत त्या." माणूस आयटीतला, जोखमीचं गणित करूनच त्यांनी पन्नास पेन्स लावले होते. इंग्रजांच्या या दानपद्धतीत सट्ट्याची एवढी चांगली सोय आहे, हे मला तेव्हा कळलं.

पैसा जाणार होता कुष्ठरोग्यांसाठी चालणाऱ्या मिशनच्या दवाखान्यांना. दुसऱ्या दिवशी बाई नकाशाच घेऊन आल्या. निवृत्त मास्तरीण ती, नकाशाशिवाय बोलणार कशी? "तुम्ही महाराष्ट्राचे ना? मग तुम्हाला कोठारा ठाऊक असेल." जावयांना वाटलं की हे कोथरूडच असणार, बाईंचा उच्चार चुकतोय. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा नावाचं गाव आहे आणि तिथे लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, हे पुण्याच्या माणसाला श्रूजबेरीत एका इंग्रज बाईने नकाशावर बोट ठेवून सांगितलं. चांदणी चौकाच्या पुढचा महाराष्ट्र पुणेकरांना असाच कुणीतरी परक्याने दाखवावा लागतो.

मी मात्र मिरजेचा. मिरजेत वाढलेल्या माणसाला मिशन हॉस्पिटल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. विल्यम वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला, मिरजेला रुग्णालय काढून बसला आणि १९२८ पर्यंत तिथे कापाकापी करत राहिला. सांगली आणि मिरजेच्या मधे आजही वानलेसवाडी आहे. शहर बस तिथे थांबते आणि कंडक्टर ते नाव असं ओरडतो, की ते आपल्याच कुठल्या तरी देशमुखाचं आडनाव वाटावं. आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं आणि झाडून सगळे मोतीबिंदू त्याच रुग्णालयातले. शिवाय मिरजेत कुष्ठरोग्यांचं रिचर्डसन हॉस्पिटल आहेच. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी इतक्या कौतुकाने ऐकलं, की वानलेसला मीच नोकरीला ठेवला होता असं मला वाटू लागलं.

पण त्यांनी जे सांगितलं ते माझ्यापेक्षा कामाचं होतं. कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती रोगाने झडत नाहीत. रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे दुखणं कळत नाही. दुखलंच नाही की माणूस तापलेलं भगुलं तसंच उचलतो, चपलेत गेलेला खडा घेऊन दोन कोस चालतो. जखम चिघळते आणि मग बोट जातं. हे पक्कं दाखवून दिलं डॉ. पॉल ब्रँड यांनी. हा मनुष्य तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मला आणि १९४६ पासून वेल्लोरला शस्त्रक्रिया करू लागला. हाताच्या निकामी बोटांना दुसऱ्या स्नायूचा कंडरा जोडून ती पुन्हा हलती करण्याचं तंत्र त्याने कुष्ठरोग्यांसाठी वापरलं. एकदा रुग्णांची बोटं रात्रीतून कमी कशी होतात याचा शोध घेतला, तर निघाले उंदीर. झोपेत कुरतडलेलं कळतच नव्हतं. तेव्हापासून बरा होऊन घरी निघालेल्या रुग्णाबरोबर गोळ्यांच्या पुडीसोबत एक मांजरही दिलं जायचं. आमची सौ. मांजरांचा मनापासून तिटकारा करते. त्या संध्याकाळी तिने शेजारच्या बोक्याला बशीभर दूध घातलं.

आता या रोगाला औषध आहे. तीन औषधांचा बहुविध उपचार १९८० च्या दशकात आला, सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि गोळ्या फुकट मिळतात. भारताने २००५ च्या अखेरीस या रोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. तरीही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही आपल्याकडेच सापडतात, वर्षाला लाखभर. बरं झाल्यावरही बधिर झालेला पाय बधिरच राहतो. त्याला मऊ रबराची खास चप्पल लागते, रोज पाय पाण्यात भिजवून तपासायला शिकवावं लागतं. फोटो काढण्यासारखं यात काही नाही, म्हणून यावर पैसे जमवणं अवघड. बाईंच्या पिशवीत त्या चपलेचा एक जोड होता. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि चप्पल टेबलावर ठेवली म्हणून सौ.ने तोंड फिरवलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं.

माझा हिशेबी प्रश्न उरलाच होता. श्रूजबेरीहून सायकलसकट पेन्झन्सपर्यंत रेल्वेचं तिकीट, वाटेतले मुक्काम, ट्यूबा, टायर, चड्डीखालचं ते मलम आणि परतीची रेल्वे. "हा सगळा खर्च वर्गणीतून?" मी विचारलं. बाई दचकल्याच. खर्च पदरचा. "मग तेवढे पैसे थेट मिशनला दिलेत आणि घरी बसलात, तर?"

बाई म्हणाल्या, "वीस वर्षं मी चर्चच्या दारात डबा घेऊन उभी राहते. त्यात नाणी पडतात. या वर्षी गुडघ्यांचं सांगितलं, तर नोटा पडायला लागल्या."

म्हणजे असं आहे तर. कोठाऱ्यातल्या माणसाच्या पायाला इंग्रज देणगीदार ओळखत नाही. शेजारच्या बाईच्या गुडघ्याला तो ओळखतो, भिंतीतून ऐकतो. तेव्हा त्या पायाचं दुखणं आधी या गुडघ्यात आणून दाखवावं लागतं, मग पाकीट उघडतं. ज्याला दुखत नाही म्हणून त्याचे हाल, त्याच्यासाठी दुसरीने मुद्दाम दुखवून घ्यायचं. मी बँकेत अनेक प्रकारची तारणं पाहिली, पण दुसऱ्याच्या गुडघ्यावर मिळणारं हे कर्ज पहिल्यांदाच पाहिलं.

हे नवीन नाही म्हणा. लेप्रसी मिशन सुरू झालं तेच असं. वेल्सली बेली नावाच्या आयरिश माणसाने १८६९ साली अंबाल्याला कुष्ठरोगी पाहिले, रजेवर डब्लिनला गेल्यावर मैत्रिणींच्या दिवाणखान्यात ती हकीकत सांगितली, आणि पिम नावाच्या बहिणींनी वर्षाला तीस पौंड जमवायचं कबूल केलं. साल १८७४. मिशनऱ्याची रजा म्हणजे हीच. माणूस वर्षानुवर्षं उन्हात राबून घरी जायचा तो विश्रांतीला नाही, तर गावोगावच्या चर्चमध्ये कंदिलाच्या उजेडात काचेवरची चित्रं दाखवत पैसे मागायला. रजा संपवून तो कामावर परतायचा तेव्हा खरा सुटायचा.

अमेरिकेत तर १९१३ साली कॅन्ससच्या विल्बर चॅपमन नावाच्या पोराने कुष्ठरोग्यांसाठी एक डुक्कर पाळलं. पाहुण्याने हातावर ठेवलेल्या तीन डॉलरचं पिल्लू घेतलं, त्याचं नाव ठेवलं पीट, खाऊ घालून गलेलठ्ठ केलं आणि पंचवीस डॉलरला विकून सगळे पैसे मिशनला दिले. ही गोष्ट इतकी गाजली, की रविवारच्या शाळांतून डुकराच्या आकाराचे गल्ले वाटले गेले. सायकलवाल्या बाईंचे गुडघे शाबूत तरी राहतात; पीटचा त्याग फारच संपूर्ण होता.

आणि या मार्गावर तर एकेक अचाट माणसं होऊन गेली आहेत. १९६० च्या जानेवारीत बार्बरा मूर नावाच्या छप्पन्न वर्षांच्या शाकाहारी बाई सुकामेवा, मध आणि भाज्यांच्या रसावर जॉन ओ'ग्रोट्सहून लँड्स एंडपर्यंत चालत आल्या. लोकांनी त्यांचं एवढं मनावर घेतलं, की पुढच्याच महिन्यात सुटी-छावण्यांचे मालक बिली बटलिन यांनी याच वाटेवर चालण्याची शर्यत लावली आणि सातशेच्या वर माणसं बर्फात चालत सुटली. १९८५ साली इयान बोथम रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी हीच वाट चालला. वानखेडेवर १९८० मध्ये एकाच कसोटीत शतक ठोकून १३ गडी बाद करणारा तो हाच. पुढे तो हत्ती घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला. आमच्या फलंदाजांचे जे हाल त्याने केले, त्याची भरपाई असावी.

जावयांनी यावर एक शंका काढली: "म्हणजे मागणारे नेहमी हेच, आणि ज्यांच्यासाठी मागायचं ते गप्प?" तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या. तो प्रवास उलट्या दिशेचा. १८८३ साली बाई इंग्लंडला आल्या, वॉन्टेजच्या मठात उतरल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी म्हणून अमेरिकेला गेल्या त्या गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या, पुस्तक लिहिलं, डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. एवढा प्रवास, आणि सगळा शाकाहारावर. वर ज्यांच्या घरी राहायचं त्यांच्याशीच त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद घालायचा. पैसे मागणाऱ्याने अंग चोरून बोलावं हा नियम त्यांनी एकदाही पाळला नाही. मी मोठ्या उत्साहाने हे सांगायला गेलो, तर शेजारच्या बाईंना रमाबाई ठाऊक होत्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. आमच्या पंचांगात त्या दिवशी काय असतं ते मी पाहून ठेवलेलं नाही.

मिरजेच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. पहिलं उत्तर आलं, "धर्मांतर तर करत नाहीत ना?" प्रश्न खोटा नाही. मिशनऱ्यांनी आपला हेतू कधी लपवला नव्हता, औषधाच्या रांगेत प्रार्थना असायची, आणि १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचं कळल्यावर पुण्यात काय गहजब झाला, तो 'केसरी'च्या जुन्या फायलींत सापडेल. मी बाईंना सरळच विचारलं. त्या हसल्या. "माझी स्वतःची नातवंडं रविवारी चर्चमध्ये येत नाहीत. घरापासून पाच मिनिटांवर आहे. कोठाऱ्यातल्या माणसाला मी इथून काय आणणार?" हे उत्तर ग्रुपवर टाकलं. बराच वेळ शांतता. मग कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब पाठवला. जखमा धुण्याचं काम अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी केलं, आनंदवनात बाबा आमट्यांनी केलं, कोठाऱ्यात मिशनने केलं. फिरणाऱ्या ग्रुपने आजवर फक्त फिरण्याचंच काम केलं आहे.

निरोपाचा समारंभ चर्चच्या हॉलमध्ये झाला. चहाचं भलंमोठं पातेलं, चौदा प्रकारचे केक आणि लॉटरी. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली ती आधी कोठाऱ्याच्या रुग्णांसाठी, मग बाईंच्या गुडघ्यांसाठी, मग ट्रकड्रायव्हरांच्या सद्बुद्धीसाठी. तिसऱ्या प्रार्थनेला मी मनापासून आमेन म्हटलं. सौ.ला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. तिने पर्समधून कुंकू काढून हँडलला लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. सायकलच्या चाकाने लिंबू चिरडत नाही; ते सुटून घरंगळत गेलं ते पाद्रीसाहेबांच्या बुटापाशी. कुणाचं तरी पडलं असं वाटून त्यांनी ते उचललं, धुतलं, आणि चकत्या करून चहात घातलं. मग सौ. बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंना वाटलं, बुटाची नाडी सुटली. त्याही वाकल्या. दोघींची डोकी आपटता आपटता वाचली. जावयांनी लॉटरीची पाच पौंडांची तिकिटं घेतली आणि त्यांना दोन पौंडांचा मुरंबा लागला.

लोक लँड्स एंडहूनच का निघतात, तर वारा बहुधा नैर्ऋत्येचा, पाठीवर येतो. जावयांनी हे ऐकलं आणि रोज हवामान बघायला लागले. फोनवर बाईंचा निळा ठिपका दिसायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्येही त्यांचं लक्ष ठिपक्यावर. कॉर्नवॉलमध्ये ठिपका रांगत होता, तेव्हा यांना चांगली भूक लागायची. ठिपक्याने एक्सेटर मागे टाकलं त्या रात्री यांनी कोशिंबिरीला मीठ कमी म्हणून कुरकुर केली. ब्रिस्टल झालं, हिअरफर्ड झालं.

आणि मग ठिपका आमच्याच गल्लीत आला. बाईंनी वाट अशी आखली होती, की तिसरा हिस्सा संपता संपता आपलंच घर लागावं. रात्री त्या स्वतःच्या बिछान्यात झोपल्या. जावई म्हणाले, "घरची गादी लागली पाठीला. आता कसल्या उठतायत!" मुलीने सकाळी पोहे पाठवले. बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतले आणि साडेसातला चक्क शीळ घालत सायकलवर टांग टाकली. मुलीने त्यांच्या पिशवीत कयानीचा शेवटचा पुडा कोंबला. जावयांनी पडदा ओढून घेतला.

सौ.चं या सगळ्यावर वेगळंच म्हणणं. तिच्या माहेरी वारी. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटर, पण कुणी वारकऱ्याला किलोमीटरमागे काय दर म्हणून विचारत नाही. उलट चालणाऱ्यालाच वाटेवरची गावं खाऊ घालतात, पाय चेपून देतात, चपला शिवून देतात. तिथे पैसा आणि अन्न चालणाऱ्याकडे येतं, इथे चालणाऱ्याकडून पुढे जातं. "पण चपला शिवायच्याच आहेत ना दोन्हीकडे?" ती म्हणाली. "मग हिशेब कशाला घालता मधे?" उभी हयात हिशेबात गेलेल्या माणसाशी असं बोलू नये.

स्कॉटलंडमध्ये ड्रमॉक्टर नावाची खिंड आहे, साडेचारशे मीटरच्या वर. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, पाऊस आडवा. संध्याकाळी ठिपका खिंडीच्या तोंडाशी आला आणि थांबला. सात वाजले, आठ वाजले, ठिपका हलेना. तिथून पुढे पावणेदोनशे-एकशेऐंशी मैल उरले होते, म्हणजे जावयांचे नव्वदेक पौंड वाचत होते, आणि गृहस्थाला घास जाईना. त्यांनी हवामान पाहिलं, नकाशा पाहिला, नवाला बाईंच्या फोनवर फोन लावला, तो बंद. साडेनवाला पाद्रीसाहेबांना उठवलं. दहाच्या सुमाराला बाईंचा फोन आला. बॅटरी संपली होती. त्या केव्हाच खिंड ओलांडून डॅलव्हिनीला मुक्कामी पोचल्या होत्या. त्या गावात व्हिस्कीचा प्रसिद्ध कारखाना आहे, बाई मेथडिस्ट, त्यामुळे आपण फक्त चहा घेतला हे त्यांनी न विचारता तीनदा सांगितलं. खिंडीत कयानीचा अख्खा पुडा संपवल्याचंही सांगितलं. जावयांनी त्या रात्री तीन पोळ्या खाल्ल्या.

बाई जॉन ओ'ग्रोट्सला पोचल्या. पाटीखालचा फोटो आला. चेहरा भाजलेला, गुडघ्याला पट्टा, हँडलवर कुंकवाचा डाग तसाच. तीन हजार पौंडांच्या वर जमले. जावयांनी ४३७ पौंड भरले, वर सरकारचे १०९ पौंड आणि २५ पेन्स. त्यांचे किती जोड चपला होतील हे ते बाईंना विचारायला गेले आणि येताना पुढच्या वर्षीचा फॉर्म घेऊन आले.

तेव्हा वाचकहो, लेकीकडे विलायतेला जाल, आणि दारात कुणी अडुसष्ट वर्षांच्या बाई सुतळीचं पेन घेऊन उभ्या राहतील, तर जरूर द्या. कर भरत असाल तर चौकोनात खूणही करा. फक्त मैलामागे लिहू नका, ठोक लिहा. या बाया पोचतात.